मोटारीची बैठक आणि इतिहासाची साक्ष

जुनी मोटार आंतून पूर्ववत् करावयाची म्हणजे झिजलेल्या बैठकीवर नवें कातडें ताणून बसवावयाचें, असा सर्वसाधारण समज आहे. कसबी कारागीर तसें करीत नाहीं. तो प्रथम जुनें आवरण उसवितो, प्रत्येक तुकड्यावर खूण करितो आणि त्याच मापानें नवें कातडें बेततो. आंतील तरट, घोड्याच्या केसांचें भरण व स्प्रिंगा मग उघड्या पडतात. काम उत्तम वठलें तरी जुनी बैठक जाते, उरते ती तिची प्रतिकृति. एरवीं यांत कोणाचें फारसें बिघडत नाहीं. अमेरिकेंतील एका मोटारीची गोष्ट मात्र निराळी आहे.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डॅलस शहरीं अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला, तेव्हां ते १९६१ सालच्या लिंकन कॉन्टिनेन्टल मोटारींत बसले होते. सिनसिनाटीच्या हेस अँड आयझेनहार्ट कारखान्यानें ती कापून सुमारें साडेतीन फूट लांब केली होती. अध्यक्ष लोकांस नीट दिसावे म्हणून मागील आसन सुमारें १० इंच वर उचलण्याची सोयही तींत होती. खुनानंतर ही गाडी निकालांत काढली नाहीं. तिला चिलखती पत्रे व कायमचें छप्पर बसविलें, मागील भाग आंतून संपूर्ण नव्यानें मढविला, आणि १९६४ सालीं ती पुन्हां अध्यक्षांच्या सेवेंत रुजू झाली. १९७७ पर्यंत ती धांवली! समोरची तडकलेली कांच तेवढी पुरावा म्हणून काढून राष्ट्रीय अभिलेखागारांत ठेविली.

नव्या अध्यक्षांस सुरक्षित गाडी तांतडीनें हवी होती, हें खरें. तेव्हां सरकारास सरसकट दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु कांचेस जो न्याय मिळाला, तो बैठकीसही मिळावयास हवा होता. आज डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयांत प्रेक्षक या गाडीपुढें स्तब्ध उभे राहतात. पण ज्या बैठकीकडे ते पाहतात, ती केनेडींची नव्हेच.

युरोपांत याहून जुनी अशीच एक मोटार आहे. २८ जून १९१४ रोजीं सारायेव्हो येथें आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड व त्यांची पत्नी सोफी ज्या ग्रेफ उंड श्टिफ्ट गाडींत बसले असतां मारले गेले, ती व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयांत आहे. तिच्या बाजूच्या पत्र्यांतील गोळीचें छिद्र बुजविलेलें नाहीं. आर्चड्यूकचा रक्ताळलेला अंगरखाही त्याच संग्रहालयानें न धुतां जपला आहे.