झाकलेले इंजिन आणि कारागिराचा हात

विमानविद्येचा इतिहास बहुधा वैमानिकांच्या पराक्रमांच्या अनुषंगाने सांगितला जातो. परंतु आज उतरलेले विमान उद्या पुन्हा उडण्यास योग्य आहे की नाही याचा निवाडा ज्याच्याकडे असतो, त्या कारागिराच्या दृष्टीने तोच इतिहास पाहू गेल्यास, इंजिनाच्या कोणत्या भागापर्यंत हात पोचतो आणि कोणत्या भागापर्यंत पोचत नाही, हेच त्याचे मुख्य सूत्र होऊन बसते.

आरंभी हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. राइट बंधूंच्या सायकलींच्या कारखान्यातील चार्ल्स टेलर याने 1903 साली सहा आठवड्यांत घडविलेले चार सिलिंडरांचे इंजिन खालच्या पंखावर उघडेच बसविलेले असल्यामुळे त्याची कोणतीही बाजू दृष्टीआड नव्हती. पुढे वेगाची हाव वाढली, तसा उघड्या इंजिनामुळे होणारा वाऱ्याचा अवरोध संशोधकांना सलू लागला; आणि 1928 साली अमेरिकेत लँगली येथील प्रयोगशाळेत फ्रेड वाइक व त्याचे सहकारी यांनी सिद्ध केलेले आवरण चढविताच एका कर्टिस विमानाचा वेग ताशी 118 मैलांवरून 137 मैलांवर गेला, तेव्हा आवरणाचा पक्ष कायमचा सरस ठरला. लाभ वैमानिकाचा झाला. खर्चाची काही रक्कम कारागिराच्या खाती पडली.

त्याच सुमारास इंग्लंडात डी हॅविलंड कंपनीच्या लहान विमानांत एक निराळी तजवीज झाली. फ्रँक हाल्फर्ड याच्या 'जिप्सी' इंजिनाचे सिलिंडर प्रथम क्रँकशाफ्टच्या वर उभे असत व वैमानिकाच्या दृष्टीस आड येत. 'जिप्सी 3' मध्ये ते सबंध इंजिनच उलटे करून सिलिंडर खाली आणले. हेतू समोरचे स्पष्ट दिसावे हा. परंतु ज्यांना वारंवार हात लावावा लागतो ते व्हॉल्व्ह आणि रॉकर त्यायोगे जमिनीवर उभ्या असलेल्या मनुष्याच्या हाताशी आले. पुढच्या 'जिप्सी मेजर'वर रॉकरचे झाकण खालून सोडवावे, त्यातले तेल भांड्यात धरावे, टॅपेटचे अंतर मोजावे, आणि ताजे तेल भरून झाकण पुन्हा चढवावे, एवढ्यावर हे काम भागे. उलटेपणाचा जाचही होताच: उभ्या विमानात तेल झिरपून सिलिंडरांत साचे, म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी प्रोपेलर हाताने फिरवून पाहावा लागे.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, ते 'पुस मॉथ' विमान याच घराण्याच्या उलट्या इंजिनाचे. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, म्हणून दोन विमाने, तीन वैमानिक व तीन मेकॅनिक असा सगळा बारदाना पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवावा लागे. इतक्या तुटपुंज्या सरंजामावर टपालाचा कारभार चालवावयाचा, तर साध्या हत्यारांनी उघडता येणारे इंजिन ही सोय नसून निकड होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर समोरासमोर आडव्या सिलिंडरांच्या अमेरिकन इंजिनांचे राज्य आले. सेस्ना 172 वर 1968 पासून बसविलेल्या लायकमिंग इंजिनात सिलिंडर दोन्ही अंगांस मोकळे असले, तरी मॅग्नेटो, व्हॅक्यूम पंप आणि तेलाचा फिल्टर ही मंडळी इंजिनाच्या पाठीमागे, फायरवॉललगतच्या अरुंद जागेत दाटीने बसलेली आहेत. पंपाच्या खालच्या नटावर पाना बसतो, पण फिरत नाही. म्हणून कारागीर जुना पाना घासून पातळ करतो, तापवून वाकवतो, अंशमात्र फिरवून काढतो, उलटा करून पुन्हा लावतो आणि पुन्हा तेवढाच फिरवतो. डोळ्यांचा उपयोग दांडीवरच्या लहान आरशापुरता; त्यातले प्रतिबिंब उलटे, म्हणून अखेरीस भिस्त बोटांच्या टोकांवरच. त्यातून नट निसटून पडला, तर तो सापडेपर्यंत आवरण बंद करण्याची मुभा नाही.

वार्षिक अथवा 100 तासांच्या तपासणीपूर्वी आवश्यक ती सर्व झाकणे व आवरणे काढावीत वा उघडावीत, असा अमेरिकेच्या नियमांत स्पष्ट हुकूम आहे. परंतु हुकुमाने झाकण उघडते, त्यामागची जागा रुंदावत नाही. ज्या भागाची झीज निश्चित आहे, त्याच्याकडे जाणारी वाट नकाशावरच आखून ठेवणे हे रचनाकाराचे कर्तव्य होय. ते चुकले, तर त्या कसुरीची भरपाई ज्याचा त्यात काही दोष नाही अशा कारागिराला, ते विमान सेवेत असेपर्यंत, प्रत्येक तपासणीत करावी लागते.