पूर्व लॉस एंजेलिसचा शाळाबहिष्कार, १९६८

शाळासुधारणेचा विचार दीर्घकाळ अधिकाऱ्यांनी आणि तज्ज्ञांनीच केला, आणि मार्च १९६८ मध्ये अमेरिकेतील पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांमधून हजारो मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले, तेव्हा त्या मक्तेदारीलाच आव्हान मिळाले. येथील शाळांत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, आणि बहुसंख्य मुलांना महाविद्यालयाऐवजी हस्तव्यवसायांकडे वळवले जात असे. विद्यार्थ्यांच्या मागण्यांत द्विभाषिक शिक्षण, म्हणजे इंग्रजीबरोबर घरच्या भाषेतूनही अध्यापन, स्वतःच्या समाजाचा इतिहास अभ्यासक्रमात असणे आणि शारीरिक शिक्षेचा शेवट यांचा समावेश होता; आपल्या शाळेचे दोष या मुलांनी किती नेमके ओळखले होते, हे त्यांवरून दिसते.

या लढ्याचे खरे वैशिष्ट्य मात्र तरुण आणि प्रौढ यांच्या भागीदारीत, म्हणजे निर्णय आणि जोखीम दोन्ही वाटून घेण्यात आहे. लिंकन हायस्कूलचे शिक्षक साल कास्त्रो यांनी आखणीत विद्यार्थ्यांना साथ दिली, तर पालक व नागरिकांनी समन्वय समिती स्थापून शिक्षण मंडळाशी वाटाघाटी केल्या. या साथीची किंमत मोठी होती: कास्त्रो यांच्यासह तेरा जणांवर कटाचे आरोप ठेवण्यात आले आणि कास्त्रो यांना वर्गापासून दूर केले गेले. त्यावर समर्थकांनी शिक्षण मंडळाच्या सभागृहात अनेक दिवस ठिय्या दिला आणि त्याच वर्षीच्या शरदात कास्त्रो यांना पुन्हा शिकवण्याची परवानगी मिळवून दिली. कटाचे आरोप पुढे न्यायालयाने रद्द केले.