पायी येणारा बैल गाडीत कसा चढला

पूर्वी वणीच्या रंगनाथ स्वामींच्या जत्रेत घेतलेला बैल पायीच घरी यायचा. वाटेत मुक्काम, नाल्यावर पाणी. मंग ट्रक आले. पण ट्रकचा हौदा पोत्यांसाठी बनवलेला. पत्र्यावर खूर घसरते, ब्रेक दाबला की जनावर गुडघ्यावर येते.

१९७८ मध्ये केंद्राने जनावर वाहतुकीचे नियम केले. तळाला काथ्याची चटई नाहीतर लाकडी फळ्या, बाजू उंच, सोबत एक माणूस, ट्रकमध्ये सहाच्या वर गुरे नाही. बैलाचे तोंड शक्यतो इंजिनकडे. घोड्याचे मात्र डावीकडे, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांनी बुजत नाही. दोन घोड्यांमध्ये बांबूही पाहिजे. ज्याने हे लिहिले त्याने जनावर पाळले असावे!

२०१६ पासून जागाही ठरली, गाय-म्हशीला २ चौरस मीटर, म्हणजे साडेएकवीस चौरस फूट. तेच माप बैलाला लावा. आमच्याकडच्या पिकअपचा हौदा साडेआठ बाय साडेपाच फूट, म्हणजे पावणेसत्तेचाळीस. जोडी बसते, तिसरा बसत नाही. तरी भाडे वाटून घ्यायला तिसरा कोंबतातच.

शंकरपटाला २०१४ मध्ये बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली. तेव्हापासून पटाच्या जोड्या पिकअपमधूनच फिरतात. लाखाची जोडी आन् खाली नुसते कुटार! मुताने भिजले की ते पत्र्यापेक्षा जास्त घसरते. आधी फळ्या ठोका, वर कुटार टाका. उतरवताना गाडी बांधाला लावा. उडी मारून उतरलेला बैल लंगडला तर पट जातो, पेरणीही जाते.