फलकावरचा दर आणि रस्त्यावरचा दर

वस्तूची किंमत मागणी आणि पुरवठा यांवर ठरते, असे अर्थशास्त्र शिकवते. प्रशासनाचा इतिहास पाहिला, तर त्यात आणखी एक घटक मिळवावा लागतो, तो म्हणजे रस्ता. मणिपूरमधील २०११ सालची नाकेबंदी हे त्याचे ठळक उदाहरण होय.

इंफाळ हे डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यातील शहर. तेथे इंधन, धान्य आणि औषधे मुख्यतः दोन महामार्गांनी येत. एक दिमापूर-कोहिमावरून, दुसरा सिल्चरहून जिरीबाममार्गे. दोन्ही मार्ग डोंगराळ जिल्ह्यांतून जातात. त्यामुळे डोंगरातील असंतोषाची झळ खोऱ्यातील पेट्रोल पंपांना तत्काळ पोहोचते.

सेनापती जिल्ह्यातील सदर हिल्स भागाचा स्वतंत्र जिल्हा व्हावा, या मागणीसाठी कुकी संघटनांनी १ ऑगस्ट २०११ पासून महामार्ग रोखले. या मागणीला विरोध असलेल्या नागा संघटनांनी २१ ऑगस्टपासून प्रतिनाकेबंदी पुकारली. पहिली ऑक्टोबरअखेर उठली, दुसरी नोव्हेंबरअखेर. सुमारे १२० दिवस खोऱ्याचा श्वास कोंडला होता.

त्या काळात दिल्लीत पेट्रोल लिटरमागे ६३ ते ६९ रुपयांच्या दरम्यान होते. इंफाळमध्ये रस्त्याकडेला बाटलीतून विकले जाणारे पेट्रोल मात्र १५० ते २०० रुपयांवर गेले. पंपावरच्या फलकाला या तफावतीचा पत्ताच नव्हता. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले होते, तरी पंपावरचा दर तेल कंपन्याच ठरवीत. त्यात मूळ किंमत, वाहतूक, कर आणि वितरकाचे कमिशन यांचा हिशेब असतो; स्थानिक टंचाईचा नसतो. ती टंचाई मग रांगेच्या लांबीत आणि काळ्या बाजारात प्रकट होते.

अशा वेळी जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ अन्वये छापे घालता येतात आणि ते घालावेतही. परंतु छाप्यात हाती लागतात काही पिंपे, तर बंदोबस्तात आणलेला टँकरांचा एक ताफा हजारो लिटर इंधन पोहोचवतो. उद्या टँकर येणार, अशी खात्री पटली की साठेबाजीला कारणच उरत नाही. ती खात्री नसेल, तर सामान्य दुचाकीस्वारसुद्धा गरजेपेक्षा अधिक पेट्रोल भरून ठेवतो.

पुढे डिसेंबर २०१६ मध्ये राज्य सरकारने सात नवे जिल्हे निर्माण केले. सदर हिल्सचा कांगपोकपी हा त्यांपैकीच एक. पण नव्या जिल्ह्यांच्या हालचालींविरुद्ध नागा संघटनांनी १ नोव्हेंबरपासूनच नाकेबंदी सुरू केली होती. ती मार्च २०१७ पर्यंत चालली आणि पेट्रोलच्या बाटल्या पुन्हा रस्त्याकडेला मांडल्या गेल्या. २०११ साली ज्या मागणीसाठी रस्ते अडले, तिच्या पूर्ततेच्या विरोधात ते पुन्हा अडले.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जिल्ह्याची सीमा आखणे हा महसुली व्यवहार वाटला, तरी तिचे मोल कोणी चुकवले? रिक्षाचालकाने, रुग्णाला घेऊन निघालेल्या कुटुंबाने, रोजच्या कमाईवर चूल पेटवणाऱ्याने. यांपैकी एकाचीही सही त्या निर्णयावर नव्हती. सीमा आखण्यापूर्वी दोन्ही बाजूंशी शांतपणे बोलणे वेळखाऊ असते खरे. परंतु १२० दिवसांच्या नाकेबंदीपेक्षा ते निश्चितच स्वस्त पडते.