एसएसडी पारखण्याचा इतिहास

एसएसडी पारखताना दोन गोष्टी पाहिल्या जातात: तिचा वेग किती आणि किती लिहून झाल्यावर ती निकामी होते. हार्ड डिस्कच्या काळात या दोन्ही बाबी स्वतंत्रपणे तपासता येत. मिनिटाला 7,200 फेऱ्या घेणाऱ्या चकतीला एका फेरीसाठी 8.33 मिलिसेकंद लागतात. खरेदीच्या दिवशी लागतात तेवढेच पाच वर्षांनीही. फ्लॅश मेमरीवर चालणाऱ्या एसएसडीचे तसे नाही. तिचा आजचा वेग काल तिच्यावर काय लिहिले गेले यावर अवलंबून असतो, आणि प्रत्येक लेखन तिचे आयुष्य थोडे खर्च करते. म्हणूनच कोऱ्या ड्राइव्हवर मोजलेला आकडा फसवा ठरतो. हे उमगून चाचणीच्या पद्धती बदलेपर्यंत बराच काळ गेला.

या मेमरीची मूळ कल्पना जपानी अभियंता फुजिओ मासुओका यांची. तोशिबा कंपनीत काम करताना त्यांनी 1984 मध्ये नॉर प्रकारच्या फ्लॅशची आणि 1987 मध्ये आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या नँड फ्लॅशची मांडणी जगापुढे ठेवली. 1991 मध्ये सनडिस्क, म्हणजे पुढची सॅनडिस्क, या कंपनीने आयबीएमसाठी 20 मेगाबाइटची फ्लॅश ड्राइव्ह बनवली. किंमत सुमारे 1,000 डॉलर. पुढची पंधराएक वर्षे असे ड्राइव्ह मुख्यतः लष्करी आणि औद्योगिक उपकरणांत राहिले. तिथे धक्के सोसण्याची क्षमता महत्त्वाची होती, त्यामुळे वेगाच्या बारीक मोजमापाची निकड कोणाला भासली नाही.

नँड फ्लॅशच्या प्रत्येक सेलमध्ये एका पातळ ऑक्साइड थरापलीकडे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. लिहिताना आणि पुसताना ते या थरातून आरपार ढकलावे लागतात आणि दर खेपेला थर किंचित खराब होतो. एका सेलमध्ये एकच बिट ठेवणारा एसएलसी प्रकार अशा सुमारे 1,00,000 खेपा सहन करी. दोन बिट ठेवणारा एमएलसी सुरुवातीला 10,000 च्या आसपास, आणि सेल लहान होत गेल्यावर 3,000 पर्यंत खाली आला. तीन बिटांच्या टीएलसीची मर्यादा 1,000 च्या घरात होती. दुसरी अडचण रचनेतली. लेखन काही किलोबाइटच्या पेजवर होते, पण पुसता येतो तो अशा कित्येक पेजचा अख्खा ब्लॉक. पाटीवरची एक ओळ बदलण्यासाठी सगळी पाटी पुसावी, तसे. म्हणून ड्राइव्ह सांभाळणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, बदललेली माहिती दुसऱ्याच जागी लिहितो, जुनी जागा रद्द ठरवतो आणि सवडीने ब्लॉक रिकामे करतो. या आवराआवरीत संगणकाने न सांगितलेले लेखनही घडते. संगणकाने एक गिगाबाइट दिले आणि फ्लॅशवर प्रत्यक्षात तीन गिगाबाइट लिहिले गेले, तर लेखनाची वाढ तिप्पट मानतात. वेग आणि आयुष्य दोन्ही या एका गुणोत्तरावर फार अवलंबून असतात, आणि ड्राइव्ह बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

2008 मध्ये स्वस्त एमएलसी ड्राइव्ह सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचले तेव्हा चाचण्या मात्र हार्ड डिस्कच्याच होत्या. एक मोठी फाइल सलग लिहायची, सलग वाचायची आणि सेकंदाला किती मेगाबाइट ते नोंदवायचे. या मापात जेमायक्रॉनचा जेएमएफ 602 हा कंट्रोलर असलेले ड्राइव्ह उत्तम ठरत. घरी मात्र ब्राउझर उघडताना, संदेश पाठवताना संगणक मध्येच गोठल्यासारखा थांबे. संगणकाच्या भागांची परीक्षणे करणाऱ्या आनंदटेक या संकेतस्थळाचे संस्थापक आनंद लाल शिंपी यांनी 4 किलोबाइटची विस्कळीत लेखने करून प्रत्येक लेखनाला लागलेला वेळ मोजला, तेव्हा कारण सापडले: काही लेखनांना सेकंदाच्या आसपास वेळ लागत होता. सरासरी वेगाच्या आकड्यात हे थांबे झाकले जात होते.

मार्च 2009 मधल्या त्यांच्या दीर्घ लेखात ओसीझेड कंपनीच्या व्हर्टेक्स या ड्राइव्हचा प्रसंग आहे. तिचे मूळ फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी आतली आज्ञावली, सलग वेग जास्तीत जास्त दिसावा अशा बेताने जुळवलेले होते आणि छोट्या लेखनांत ती अडखळत होती. शिंपी यांनी हे कंपनीच्या नजरेस आणल्यावर फर्मवेअर बदलले गेले. सलग लेखनाचा जाहिरातीत शोभणारा आकडा खाली आला आणि ड्राइव्ह वापरण्याजोगी झाली. मोजणीची पद्धत बदलल्याने वस्तूच बदलल्याचे हे या क्षेत्रातले बहुधा सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

त्याच सुमारास इंटेलच्या एक्स 25-एम या ड्राइव्हबद्दल वेगळी तक्रार पुढे आली. सप्टेंबर 2008 मध्ये आलेली ही ड्राइव्ह त्या काळी सर्वोत्तम मानली जात होती. वाचन सेकंदाला 250 मेगाबाइट आणि लेखन 70. पीसी पर्स्पेक्टिव्हच्या परीक्षकांना 2009 च्या सुरुवातीला दिसले की, काही काळ वापरल्यावर ती बरीच मंदावते. इंटेलने एप्रिलमध्ये सुधारित फर्मवेअर दिले. पण मुळातला प्रश्न सगळ्याच ड्राइव्हचा होता: संगणकावर फाइल खोडली तरी ती जागा मोकळी झाल्याचे ड्राइव्हला कळतच नसे आणि निरुपयोगी माहितीही ती जपून इकडून तिकडे हलवत राही. ट्रिम या आज्ञेने ही सूचना देण्याची सोय झाली. ऑक्टोबर 2009 मधल्या विंडोज 7 मध्ये ती आली, आणि खोडलेल्या जागेचा हिशेब ड्राइव्हपर्यंत पोहोचू लागला.

या अनुभवांतून प्रमाणित पद्धत तयार झाली. एसएनआयए या उद्योगसंघटनेच्या नियमांनुसार ड्राइव्ह आधी पूर्ण पुसायची, मग तिच्या क्षमतेच्या दुप्पट माहिती सलग लिहायची, त्यानंतर ठरलेला भार देत फेऱ्यांमागून फेऱ्या घ्यायच्या. लागोपाठच्या पाच फेऱ्यांतले चढउतार सरासरीच्या 20 टक्क्यांच्या आत आणि एकूण कल 10 टक्क्यांच्या आत आला, की ड्राइव्ह स्थिर अवस्थेत आली असे धरायचे आणि तेव्हाचेच आकडे नोंदवायचे. या अवस्थेतला विस्कळीत लेखनाचा वेग कोऱ्या ड्राइव्हच्या वेगाचा लहानसा हिस्साच असू शकतो.

चाचणीत लिहिलेली माहिती कोणती, हेही पाहावे लागले. सँडफोर्स कंपनीचे कंट्रोलर माहिती दाबून लहान करून लिहीत. नुसती शून्ये किंवा एकच साचा पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्या चाचणीत ते अफाट वेगवान दिसत. आधीच दाबलेली छायाचित्रे किंवा चित्रफिती आल्या की वेग उतरे. नंतर टीएलसीचा काही भाग तात्पुरता एसएलसीसारखा वापरण्याची युक्ती रुळली. हा राखीव भाग भरेपर्यंत ड्राइव्ह झपाट्याने लिहिते आणि मग एकदम खाली येते. मिनिटभराच्या चाचणीत ही पायरी दिसतच नाही.

टिकाऊपणाचे मानक जेडेक या संस्थेने 2010 मध्ये दिले. त्यात घरगुती ड्राइव्ह दिवसाला आठ तास चालेल असे धरले आहे, आणि लेखनाची हमी संपेपर्यंत वापरल्यावर 30 अंश सेल्सिअसला वीज नसताना एक वर्ष माहिती टिकावी अशी अट आहे. व्यावसायिक ड्राइव्ह चोवीस तास चालणार असे मानून ही मुदत 40 अंशांना तीन महिने ठेवली आहे. 2015 मध्ये याच विषयावरच्या एका सादरीकरणातल्या तक्त्याची टोकाची ओळ उचलून, बंद ठेवलेली एसएसडी काही दिवसांत कोरी होते, अशा बातम्या पसरल्या. तो तक्ता आयुष्य संपलेल्या आणि उष्ण जागी ठेवलेल्या ड्राइव्हचा होता, हे बातम्यांत आले नाही.

सेलची झीज हीच सर्वांत मोठी भीती होती. ती तपासायला द टेक रिपोर्ट या संकेतस्थळाने ऑगस्ट 2013 मध्ये सहा ड्राइव्ह अखंड लेखनाला लावले. इंटेल 335 ची हमी तीन वर्षे रोज 20 गिगाबाइटची, म्हणजे सुमारे 22 टेराबाइटची होती. ती 750 टेराबाइटच्या आसपास थांबली. ठरवून दिल्याप्रमाणे तिने लेखन बंद केले आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती पूर्णच निकामी झाली. किंग्स्टनचे दोन ड्राइव्ह एकाच जातीचे होते. न दाबता येणारी माहिती ज्यावर लिहिली जात होती तो 728 टेराबाइटवर गेला. दाबता येणारी माहिती मिळालेला दुसरा 2.1 पेटाबाइटपर्यंत चालला. टीएलसीची सॅमसंग 840 सुद्धा 900 टेराबाइटपर्यंत गेली, आणि 840 प्रो ने 2.4 पेटाबाइट गाठले. सामान्य घरात एवढे लिहायला अनेक दशके लागतील.

झीज हीच मुख्य अडचण नाही, असे मोठ्या वापरातल्या नोंदींनीही सुचवले. बियांका श्रोडर, राघव लागिसेट्टी आणि आरिफ मर्चंट यांनी गूगलच्या डेटा केंद्रांतल्या ड्राइव्हची सहा वर्षांची माहिती 2016 मध्ये मांडली. त्रुटींचा संबंध केवळ लेखनाशी नव्हता, ड्राइव्हच्या वयाशीही स्वतंत्रपणे होता. महागडे एसएलसी ड्राइव्ह रोजच्या वापरात एमएलसीपेक्षा अधिक भरवशाचे ठरले नाहीत. आणि एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा कमी वेळा बदलाव्या लागल्या, तरी दुरुस्त न होणाऱ्या त्रुटी त्यांच्यात जास्त आढळल्या. त्याआधी 2013 मध्ये संशोधकांनी 15 ड्राइव्हची वीज चालू कामात अचानक तोडून पाहिली होती. त्यातले 13 कुठल्या ना कुठल्या प्रकारे बिघडले.

फर्मवेअरचे दोष मात्र या सगळ्या चाचण्यांतून निसटत राहिले. नोव्हेंबर 2019 मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने काही ड्राइव्हबाबत इशारा दिला: 32,768 तास, म्हणजे 3 वर्षे 270 दिवस 8 तास चालू राहिल्यावर ते बंद पडतील आणि त्यातली माहिती परत मिळवता येणार नाही. एकाच दिवशी बसवलेले ड्राइव्ह जवळपास एकाच वेळी त्या तासाला पोहोचणार होते, त्यामुळे एक गेला तर दुसरा आहे या भरवशावर उभी असलेली रेडची रचनाही उपयोगाची नव्हती. टिकाऊपणाच्या चाचणीत अनेक वर्षांचे लेखन काही महिन्यांत उरकता येते. ड्राइव्ह चालू असल्याचे तास तसे आटोपता येत नाहीत. द टेक रिपोर्टचा प्रयोग दीड वर्षाहून थोडा अधिक चालला होता, म्हणजे त्याने या आकड्याचा निम्मा टप्पाही गाठला नसता.