तीन, दोन, एक

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत नवा इंजिनीअर आला की मी त्याला आधी आर्यभटबद्दल सांगतो. १९७२ पासून इथल्याच साध्या शेडमध्ये, यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला उपग्रह घडला. वजन ३६० किलो, पैलू २६. १९ एप्रिल १९७५ रोजी तो सोव्हिएत रॉकेटवरून अवकाशात गेला. त्या पैलूंसारखी सममिती आमच्या धंद्यात मोठी कमाई असते.

मी बेळगावहून इथे आलो तो फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर जॉब धरून ठेवणारी चौकट, करायला. पहिला धडा ३-२-१: जॉबखाली तीन लोकेटर, म्हणजे टेकू, बाजूला दोन, टोकाला एक. कोणत्याही वस्तूच्या हालचाली सहाच, तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या, तेवढ्याच अडवायच्या. खाली चौथा लोकेटर दिला की जॉब डुगडुगतो, क्लॅम्प आवळताच वाकतो आणि सोडल्यावर नुकताच सपाट केलेला भाग वाकडा निघतो.

फिक्स्चरनंतर माझी गाठ ताणाच्या हिशेबाशी पडली. वस्तूचे छोटे तुकडे कल्पून तिचा ताठरपणा मांडण्याची रीत टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ साली विमानांसाठी प्रसिद्ध केली. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० साली दिलं. माझ्या टेबलावर ती आली १९९४ मध्ये. काम होतं दोन्ही तोंडं बंद असलेल्या, आतून तेलाचा दाब घेणाऱ्या गोल टाकीचं. अख्ख्या टाकीची मेश, म्हणजे त्या तुकड्यांची जाळी, कॉम्प्युटरला पेलेना. मग तीन सममिती-प्रतलांवर कापून आठवा हिस्सा ठेवला. कापलेल्या तोंडावरचा बिंदू प्रतलातल्या प्रतलात सरकेल, प्रतल सोडणार नाही, एवढंच बंधन. तरी तो तुकडा मला अधांतरी वाटला आणि बाहेरची एक कड मी पक्की बांधली. त्या कडेला इतका ताण दिसला, की भिंत जाड करायला निघालो होतो. खरी टाकी तिथे मोकळेपणानं फुगते. ताण टाकीचा नव्हता, मी घातलेल्या बंधनाचा होता.

रात्री कागदावर मोजलं. पहिलं प्रतल एक सरकणं आणि दोन फिरणी अडवतं: तीन. दुसरं नव्याने दोन. तिसरं एक. फिक्स्चरच्या शेडमधलाच हिशेब! माझी कड सातवा लोकेटर होती.

आकार, माल, आधार आणि भार हे चारही प्रतलाच्या दोन्ही बाजूंना सारखे असतील तरच कापावं. बकलिंगमध्ये, म्हणजे दाबाखाली अचानक वाकण्यात, तर तेवढ्यानेही भागत नाही. सरळ दाबलेला खांबही एकाच बाजूला झुकतो. म्हणून बंधन लावण्याआधी मी नव्या इंजिनीअरांना विचारतो: ही जागा खरोखर कशाने अडली आहे?