बालवैद्य आणि दुधाचे दात : एका जबाबदारीचा इतिहास

लहान मुलांच्या दातांची काळजी वाहणे हे दंतवैद्याचे काम होय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वस्तुतः ही कामाची वाटणी फारशी जुनी नाही. अर्भकाचे मुख हे दीर्घकाळ सामान्य वैद्याच्याच अधिकारात होते. मात्र तेथे त्याच्या हातून जे घडले, ते रक्षणापेक्षा अपायाच्या सदरातच अधिक मोडते. हे क्षेत्र बालवैद्याने का सोडले आणि पुढे अमेरिकेत तो तेथे कसा परतला, याचा मागोवा वैद्यकाच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक ठरेल.

सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यवैद्य आंब्रोआज पारे याने दात सुलभतेने बाहेर यावेत म्हणून हिरडी चिरण्याचा उपाय सांगितला. पुढील तीन शतके युरोपात हा उपाय चालू राहिला. कारण ताप, अतिसार, आकडी अशा नाना विकारांचे मूळ दात येण्यात आहे, अशी वैद्यांची दृढ समजूत होती. लंडनमध्ये एक वर्षाच्या आत दगावलेल्या अर्भकांपैकी ४.८ टक्के मृत्यू १८४२ च्या सरकारी अहवालात 'दात येणे' या कारणाखाली नोंदले गेले. हा आकडा दातांविषयी काहीच सांगत नाही; तत्कालीन निदानशास्त्राच्या दारिद्र्याविषयी मात्र पुष्कळ सांगतो.

या समजुतीस धक्का देणाऱ्यांत अब्राहम जेकोबी याचे नाव महत्त्वाचे आहे. जर्मनीतील १८४८ च्या क्रांतीत सहभागी झाल्याबद्दल तुरुंगवास भोगून अमेरिकेत आलेला हा वैद्य १८६० साली न्यूयॉर्क येथे बालरोगांचा प्राध्यापक झाला, आणि १८६२ साली त्याची दंतोद्गमावरील व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दात येणे ही शरीराची स्वाभाविक क्रिया असून तिच्या नावावर भलतेच रोग खपविले जातात, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख होता. तरीही जुनी समजूत चिवट ठरली. पारायुक्त कॅलोमेल घातलेल्या दंतोद्गमाच्या पुड्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाळांना दिल्या जात होत्या. 'गुलाबी रोग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बालविकाराचा पाऱ्याशी असलेला संबंध सिनसिनाटी येथील जोसेफ वारकानी व डोनाल्ड हबर्ड यांनी १९४८ साली दाखविला. ब्रिटनमध्ये १९५४ च्या सुमारास त्या पुड्या बाजारातून गेल्या आणि त्यांच्यामागोमाग तो रोगही ओसरला.

दंतोद्गमाचा भ्रम मावळला, हा शास्त्राचा निःसंशय विजय होय. परंतु भ्रमाबरोबर बाळाच्या मुखात डोकावण्याचे बालवैद्याचे प्रयोजनही नाहीसे झाले. दरम्यान दंतवैद्यकाने आपले स्वतंत्र घर थाटले होते. १८४० साली बाल्टिमोर येथे दंतवैद्यकाचे पहिले स्वतंत्र महाविद्यालय निघाले. तोंडातील सूक्ष्मजंतू शर्करा व पिष्ट पदार्थांपासून आम्ल निर्माण करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो, हा सिद्धांत विलोबी मिलर याने १८९० साली मांडला. दंतक्षय टाळता येण्याजोगा आहे, हे त्यावरून सूचित झाले. प्रतिबंधाचे प्रयत्नही झाले. इंग्लंडात केंब्रिज येथे १९०७ साली शाळकरी मुलांसाठी दंतचिकित्सालय निघाले. १९४५ साली अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ केला. परंतु पहिला उपाय शाळेत जाणाऱ्या मुलापर्यंत पोहोचणारा, तर दुसरा नळ असलेल्या घरापर्यंत. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या तान्ह्या मुलांचे दात किडतात, याकडे १९६२ साली लक्ष वेधले गेले. म्हणजे रोगाचा आरंभ वयाच्या दुसऱ्या वर्षातच होऊ शकत होता. आणि मुलाला दंतवैद्याकडे न्यावे ते तिसऱ्या वर्षी, असा अमेरिकन बालवैद्यांच्या संघटनेचा प्रघात होता.

ही पोकळी भरून काढण्याचा लक्षणीय प्रयत्न नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला. तेथील ग्रामीण व डोंगराळ भागांत दंतवैद्य थोडे, आणि तान्ह्या मुलांना तपासणारे त्याहून थोडे. उलट बालवैद्याकडे मूल पहिल्या वर्षातच सहा-सात वेळा तपासणीसाठी व लस टोचण्यासाठी येते. या साध्या वस्तुस्थितीवर २००० च्या सुमारास राज्यव्यापी योजना उभारली गेली. बालवैद्याने दात तपासावेत, आईस आहार व स्वच्छतेविषयी समजवावे आणि दातांवर फ्लोराइडचा लेप लावावा, असे ठरले. हा लेप युरोपात १९६० नंतरच्या दशकातच तयार झाला होता. म्हणजे उपाय नवा नव्हता, तो करणारा हात नवा होता. निर्धनांच्या उपचारांचा खर्च सोसणाऱ्या मेडिकेड या सरकारी योजनेने त्या श्रमाचा मोबदला बालवैद्यास देऊ केला. या तरतुदीवाचून केवळ उपदेशाने हे कार्य चालले असते, असे म्हणता येत नाही.

२००३ साली अमेरिकन बालवैद्य-संघटनेने सहाव्या महिन्यापासून दंतक्षयाचा धोका अजमावण्याची शिफारस केली. त्यानंतर २००७ साली मेरीलँड राज्यात १२ वर्षांचा एक मुलगा किडलेल्या दाढेतील विषार मेंदूपर्यंत पोहोचून मरण पावला. ती दाढ काढण्यास सुमारे ८० डॉलर लागले असते; त्याच्या इस्पितळातील उपचारांचा खर्च अडीच लाख डॉलरांच्या घरात गेला. या मृत्यूने देशभर खळबळ उडाली. २०१४ साली प्रतिबंधक उपचारांविषयीच्या राष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने पहिला दात दिसताच सर्व बालकांना प्राथमिक वैद्याकडूनच हा लेप मिळावा, असा निर्णय दिला.

या परतण्याचे फळ मर्यादित, परंतु खरे आहे. नॉर्थ कॅरोलायनात चार किंवा अधिक वेळा ही सेवा मिळालेल्या मुलांना सहाव्या वर्षापर्यंत दंतक्षयासाठी कराव्या लागलेल्या उपचारांत सरासरी १७ टक्के घट दिसून आली. किडलेला दात भरणे वा काढणे हे काम मात्र दंतवैद्याचेच राहते, आणि गरिबाच्या मुलास तो मिळणे हा प्रश्न लेपाने सुटत नाही. मेरीलँडचा मुलगा नेमका या ठिकाणी अडला होता. बालवैद्य दंतवैद्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु बाळाच्या मुखात प्रथम पाहणारा तोच असतो. एकोणिसाव्या शतकात तो पाहत होता, पण चुकीचे पाहत होता. विसाव्या शतकात त्याने बहुधा पाहणेच सोडले. योग्य गोष्ट योग्य वेळी पाहण्याची ही तिसरी अवस्था शास्त्राच्या प्रगतीइतकीच सार्वजनिक व्यवस्थेच्या निर्णयाने घडून आली, हेच या इतिहासाचे मर्म होय.